नाण्यातली चूक टांकसाळीतली की गॅरेजमधली?

मागच्या अंकात लखी नाण्याबद्दल दोन-चार ओळी लिहिल्या होत्या (एका बाजूला सरळ छाप आणि दुसऱ्या बाजूला तीच छाप उलटी आणि खोलगट, अशी टांकसाळीतली चूक म्हणजे लखी) आणि त्यावर इतके प्रश्न आलेत की या वेळचं सगळं सदर त्यालाच देतोय. बहुतेकांचं विचारणं फिरून फिरून एकच आहे, माझ्याकडचं नाणं खरं एरर आहे का कुणीतरी नंतर वाट लावलेलं. उत्तरांकडे वळण्याआधी एवढं लक्षात घ्या, म्हणजे पुढचं सोपं जाईल. कोऱ्या चकतीवर, जिला आपण प्लँचेट म्हणतो, दोन्ही बाजूंनी ठसे प्रचंड दाबाने आपटतात आणि त्या क्षणात नाणं तयार होतं. त्या दाबाने धातू हलतो, वाहतो, ठशाच्या खाचांमध्ये शिरतो. चूक त्याआधीची किंवा त्याच वेळची असेल तर धातूच्या वाहण्यात तिची खूण राहतेच. नंतर झालेल्या भानगडीत ती नसते, तिथे धातू नुसता कापलेला, घासलेला नाहीतर चेपलेला असतो. मी नाणं हातात घेतलं की आधी हेच बघतो की इथला धातू गेला कुठे.

प्रश्न (सांगली): सर, माझ्याकडे १९९८ चा एक रुपया आहे स्टीलचा, त्याच्या कडेचा चंद्रकोरीएवढा तुकडा नाहीये. मी एररच समजत होतो पण इथले एक जण म्हणाले की कुणीतरी कानसीने घासलंय, फुकट घालवू नका वेळ. कसं ओळखायचं?

घासलेलं असू शकतं आणि खरंही असू शकतं, पण तुमच्याच नाण्यावर याचं उत्तर आहे. खरी क्लिप, म्हणजे टांकसाळीतच कडेचा तुकडा गेलेलं नाणं, कशी होते ते आधी सांगतो. धातूची लांब पट्टी मशीनमधून पुढे सरकत असते आणि तिच्यातून गोल चकत्या पाडल्या जातात. कधीतरी पट्टी नीट पुढे सरकत नाही, मग पुढची चकती आधीच्या भोकावर थोडी चढते आणि तिचा एक घास आधीच गेलेला असतो. म्हणून खऱ्या क्लिपचा बाक गोल आणि एकसारखा असतो, साधारण त्याच नाण्याच्या गोलाईएवढा. पट्टीच्या टोकाला चकती पडली तर क्लिप सरळ रेषेत येते, तीही खरीच.

आता गंमत पुढे आहे. चकती पाडल्यावर ठसा मारायच्या आधी तिची कड दाबून उचलून घेतात, नाण्याला काठ यावा म्हणून. ज्या ठिकाणी घास गेलाय तिथे दाबायला काही नसतं, त्यामुळे बरोब्बर समोरच्या बाजूलाही दाब पुरेसा बसत नाही आणि तिथला काठ पातळ, पुसट राहतो. जाणकार याला ब्लेकस्ली इफेक्ट म्हणतात. तर नाणं असं धरा की क्लिप वर १२ वाजता आहे आणि मग खाली ६ वाजताचा काठ भिंगातून बघा. तिथला काठ हळूहळू विरत गेलेला दिसला तर मी आनंदाने म्हणेन की सांभाळून ठेवा. प्रत्येक खऱ्या क्लिपवर हे तितकंच स्पष्ट दिसेल असं नाही, अगदी लहान घास असेल तर कळतसुद्धा नाही, पण तुमचा तुकडा मोठा आहे तर दिसायला हवं.

दुसरं म्हणजे क्लिपच्या शेजारची अक्षरं आणि कणसं बघा. खऱ्यात ती घासाकडे जाताना ओढल्यासारखी, जरा बारीक होत गेलेली असतात, कारण ठसा बसताना धातू मोकळ्या जागेकडे वाहिलेला असतो. कापलेल्या नाण्यात अक्षर छान ठसठशीत येतं आणि मधेच कच्चकन तुटतं. कापलेल्या जागी कानसीचे आडवे ओरखडे असतात, बऱ्याचदा कडेला बोटाला लागेल असा बूर पण असतो. वजन कराच, पूर्ण नाणं ४.८५ ग्रॅम भरतं, पण नुसतं वजन कमी भरलं म्हणून एरर ठरत नाही, कापल्यावरही ते कमीच होणार.

प्रश्न (इचलकरंजी): आमच्या गॅरेजवर आलेल्या एका कस्टमरकडून दोन रुपयांचं नाणं घेतलंय, अकरा बाजूंचं जुनं. त्यावर आकड्याच्या मधेच दुसऱ्या नाण्याची उलटी अक्षरं दाबलेली दिसतात. हे लखी ना? ५००० सांगत होते, मी २००० ला घेतलं.

नाही हो, हे लखी नाही, आणि हे तुम्हाला सांगताना वाईट वाटतंय. दोन नाणी एकमेकांवर ठेवून व्हाइसमध्ये आवळली किंवा वरून हातोडा घातला की नेमकं असंच होतं. तुम्ही स्वतः गॅरेजवाले आहात, दोन खराब नाण्यांवर पाच मिनिटांत करून बघा, पटेल.

खरी लखी कशी होते बघा. एक नाणं छापून झालं पण बाहेर पडलंच नाही, वरच्या ठशाला चिकटून बसलं. आता पुढची कोरी चकती आली, तिच्या खालच्या बाजूला खालच्या ठशाने नीट छाप उमटवली, पण वरच्या बाजूला ठसा पोचलाच नाही, तिथे होतं ते अडकलेलं नाणं, आणि त्याच्या उघड्या बाजूवर तीच खालच्या ठशाची छाप. म्हणजे नव्या नाण्यावर एकीकडे छाप सरळ आणि उठावाची, दुसरीकडे तीच छाप आरशातल्यासारखी उलटी आणि आत गेलेली. इथे तीन गोष्टी जुळाव्या लागतात. दोन्हीकडे एकच बाजू पाहिजे. खोलगट बाजूवर त्या नाण्याची नेहमीची दुसरी बाजू औषधालाही दिसता कामा नये, कारण तो ठसा तिथे पोचलेलाच नसतो. आणि सरळ बाजू नेहमीसारखी टवटवीत पाहिजे.

तुमच्या नाण्यावर २ चा आकडा पण आहे आणि त्यावर वेगळी अक्षरं पण दाबलीयत, म्हणजे आधी नाणं पूर्ण छापलं गेलं आणि दाब नंतर आला. भिंगातून पाहिलंत तर आकड्याचा सगळ्यात उंच भाग सपाट होऊन चकाकत असेल आणि उलटवून पाहिलं तर सिंहांची डोकीही चेपलेली असतील, कारण व्हाइस दोन्हीकडून दाबतो. ज्याने विकलं त्यालाही कदाचित माहीत नसेल, म्हणून आधी सरळ परत घेता का विचारा.

याच पत्रात तुम्ही दोन्हीकडे छापाच असलेल्या नाण्याचं पण विचारलंय. दोन्ही बाजू सरळ आणि उठावाच्या असतील तर बहुतेक वेळा ते लेथवर बनवलेलं जादूच्या खेळाचं नाणं असतं. एका नाण्याची एक बाजू आतून पोखरायची, दुसरं घासून पातळ करून त्यात बसवायचं. काठाच्या आतल्या बाजूने केसाएवढी गोल रेघ शोधा, ती सापडते. आणि फरशीवर टाकून आवाज ऐका, अखंड नाणं खणखणतं, हे बद्द वाजतं.

प्रश्न (नाशिक): आजेसासूबाईंच्या हारातले राणीछाप रुपये माझ्याकडे आलेत. एकावर फुलीसारखे आणि चांदणीसारखे बारीक शिक्के मारलेत, एकाचा वरचा काठ सपाट आहे आणि तिथली अक्षरं गेलीत, आणि १८६२ सालाच्या दोनांवर तारखेजवळ बारीक टिंबं आहेत. यातलं एरर कोणतं? लक्ष्मीपूजनाला दरवर्षी चिंचेने घासतो, ते चालतं ना?

ताई, एरर यातलं एकही नाही, पण म्हणून हार कमी मोलाचा होत नाही.

ते बारीक शिक्के सराफांचे. रुपया हातात आला की चांदी खरी आहे का, आत तांबं तर नाही, हे बघायला सराफ छोटा पंच मारून ठेवायचे, की मी पारखलाय. नाणं म्हणून बघितलं तर हे नंतरचं डॅमेज, किंमत कमी होते. पण माझं वैयक्तिक मत विचाराल तर असे रुपये मला आवडतात, त्यांचा बाजारातला सगळा प्रवास अंगावर दिसतो.

काठ सपाट आणि अक्षरं गेलेली म्हणजे तिथे हारासाठी कडी झाळलेली होती आणि नंतर कुणीतरी काढून घासून साफ केलीय. नाणं तिरकं धरून उजेडात फिरवा, त्या जागेचा रंग बाकी चांदीपेक्षा जरा वेगळा, राखट किंवा पिवळट दिसेल, तो डाखाचा. ठशात ग्रीस अडकून अक्षर न उमटणं ही खरी टांकसाळीतली गोष्ट आहे, पण तेव्हा अक्षराच्या जागेचा पृष्ठभाग आजूबाजूसारखाच असतो, तिथे घासल्याच्या रेघा नसतात आणि काठही शाबूत असतो.

टिंबांचं मात्र नीट ऐका, कारण अनेक जण ती डाग समजून सोडून देतात. व्हिक्टोरिया राणीच्या रुपयावर १८६२ हे साल पुढे बरीच वर्षं तसंच ठेवलं होतं, १८७४ मध्ये दरवर्षीचं साल घालायला सुरुवात होईपर्यंत. मुंबईच्या टांकसाळीने त्या काळात नाणं नक्की कोणत्या वर्षी पाडलं ते टिंबांच्या संख्येने दाखवलं. म्हणजे ती टिंबं मुद्दाम घातलेली आहेत, आणि संग्राहक ती मोजून मोजूनच हे रुपये गोळा करतात. टिंब खरं का खोटं तेही सोपं आहे, ठशातलं टिंब उठावाचं असतं. टोचा मारून केलेला खड्डा आत जातो.

आणि चिंच, रांगोळी, भांड्यांची पावडर, टूथपेस्ट, यातलं काहीही नको, कृपा करून. ठसा बसताना वाहिलेल्या धातूच्या अगदी सूक्ष्म रेघा पृष्ठभागावर असतात, त्यांच्यामुळेच नाणं फिरवलं की चमक चक्रासारखी फिरते. एकदा घासलं की त्या गेल्या, परत येत नाहीत. पूजेला हार तसाच काळसर मांडा, लक्ष्मीला चालतं. फार तर साध्या पाण्याने धुऊन मऊ कापडावर टिपून ठेवा, पुसू नका.

प्रश्न (पुणे): १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया घ्यायचाय, ज्यात राजाच्या झग्यावर चुकून डुक्कर छापलंय. ही मिंट एरर आहे का? आणि फसवणूक कशी टाळायची?

टांकसाळीतली चूक नाही, डिझाइनमधली म्हणता येईल. तो प्राणी हत्तीच आहे, राजाच्या अंगावरच्या सन्मानचिन्हाच्या साखळीतला. पण सोंड आखूड आणि पाय बुटके काढल्यामुळे लोकांना तो डुक्कर वाटला, भावना दुखावल्या, ओरड झाली आणि सरकारला नाणी मागे घ्यावी लागली. साधारण ९४ लाख रुपये पाडले होते, त्यातले ७ लाखांच्या आसपास बाहेर गेले होते, उरलेले वितळवले. १९१२ पासून हत्ती नीट सोंडेचा आला. म्हणजे १९११ चा प्रत्येक रुपया असाच, त्यामुळे एक नाणं चुकलेलं अशा अर्थाने हे एरर नव्हे, वेगळा प्रकार आहे.

फसवणूक टाळायला हाच हत्ती कामाला येतो. १९१२ पासूनचे रुपये ढिगाने मिळतात, त्यामुळे शेवटचा आकडा कोरून १ करायचा मोह लोकांना होतो. म्हणून १९११ रुपया समोर आला की मी तारीख नंतर बघतो, आधी झग्यावरचा हत्ती. साल १९११ आणि हत्तीची सोंड लांब, नीट खाली आलेली, असं असेल तर साल बदललेलं आहे, पुढे बोलायचंच कारण नाही. झिजलेल्या नाण्यात हत्ती दिसत नसेल तर शेवटच्या आकड्याभोवतीची जागा बघा, कोरून काढलं असेल तर तिथे किंचित खोलगटपणा आणि वेगळी झळाळी असते. सहाव्या जॉर्जच्या १९३९ च्या रुपयाला पण हीच काळजी घ्या, तो दुर्मिळ आहे आणि १९३८ मधल्या ८ ची खालची डावी बाजू उडवली की ९ होतो. वजन ११.६६ ग्रॅमच्या जवळ हवं, झिजेने थोडं कमी चालेल, जास्त भरलं तर उठून या.

प्रश्न (सातारा): शेतात नांगरताना काही शिवराया सापडल्या. एकावरही पूर्ण अक्षरं नाहीत, एकीकडे 'राजा' दिसतं तर 'शिव' अर्धं. ऑफ सेंटर एरर म्हणून किंमत जास्त येईल का? पुतण्या अमेरिकेत आहे, तो तिकडे नेतो म्हणतो.

शिवराई हाताने, घणाने पाडलेलं नाणं. ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे 'श्री राजा शिव' आणि मागचं 'छत्रपति' ही सगळी अक्षरं एकाच नाण्यावर पूर्ण येणं हाच अपवाद. सरकलेला ठसा, वेडावाकडा आकार, फाटलेली कड, हे सगळं त्या पद्धतीत नेहमीचं. यंत्राच्या नाण्याला आपण ज्याला ऑफ सेंटर म्हणतो तो नियम इथे लावूच नका, उलट जितकी अक्षरं जास्त आणि स्पष्ट तितकी शिवराई चांगली. दोनदा घाव बसून अक्षरं दुहेरी होणंही यात सर्रास आहे. कडेची चीर मात्र जुनी का ताजी ते बघा, जुन्या चिरेच्या आतही तसाच हिरवा-काळा थर असतो, नंतर तुटलेली असेल तर आत लालसर तांबं उघडं दिसतं.

पण तुमच्या प्रश्नात किंमतीपेक्षा मोठी गोष्ट दुसरीच आहे. जमिनीत सापडलेल्या जुन्या धनाची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते, १८७८ चा निखात निधीचा कायदा आजही लागू आहे. आणि १०० वर्षांपेक्षा जुनी नाणी १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येतात, ती परदेशी नेता येत नाहीत. पुतण्याला सांगा, फोटो ने. तहसील कार्यालयात आधी जाऊन या, आणि नाणी धुऊ नका, मातीसकट ठेवा, कुठल्या बांधाजवळ किती खोलीवर निघाली तेही लिहून ठेवा, अभ्यासकांना नाण्याइतकीच ती माहिती लागते.

प्रश्न (कल्याण): दहा रुपयांच्या नाण्याचा मधला भाग वेगळा निघालाय, दोन्ही तुकडे आहेत. शिवाय एका नाण्यावर वरच्या रेघा १० आणि एकावर १५ आहेत. एरर?

रेघांचं आधी, दोन्ही खरी. दहा रुपयांची डिझाइन्स वेगवेगळ्या वेळी बदलत गेली, रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्येच १४ प्रकार चालू असल्याचं जाहीर केलं होतं. दुकानदार घेत नसेल तर तो चुकतोय.

तुटलेल्याचं म्हणाल तर तुमच्याच वाक्यात उत्तर आहे, मधला भाग 'निघालाय'. कडं आणि गाभा एकाच दाबात जोडले जातात. गाभा नसताना कड्यावर ठसा पडला तर धातू आतल्या मोकळ्या जागेत सरकतो आणि भोकाची आतली कड वेडीवाकडी होते. गाभा एकटाच छापला गेला तर तो पसरतो, मग कड्यात बसणारच नाही. तुमचे दोन्ही तुकडे एकमेकांत फिट बसतात, म्हणजे छापताना ते एकत्रच होते. गाभा सरकून कड्यावर चढलाय आणि त्यावरच छाप उमटलीय, असं मिळालं तर नक्की कळवा.

प्रश्न (लातूर): माझ्या नाण्याला ऑनलाइन एकाने ५ लाख देतो म्हणून सांगितलं, फक्त आधी रजिस्ट्रेशन आणि जीएसटीचे ३५०० भरायचेत, रिझर्व्ह बँकेचं पत्र पण पाठवलंय. भरू का?

एक रुपयाही भरू नका. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलंय की बँक अशा व्यवहारात नाही, कुणाकडून कसली फी किंवा कमिशन घेत नाही, आणि तिच्या नावाने पैसे मागायला कुणाला परवानगीही दिलेली नाही. ते पत्र खोटं आहे. विकत घेणारा आधी पैसे देतो, मागत नाही. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. तुमच्या नाण्याचा फोटो मी पाहिला, अक्षरांच्या एका बाजूला पायरीसारखी सपाट सावली आहे. ठसा उचलताना किंचित हलला की अशी पायरी पडते, ती फार नाण्यांवर असते आणि तिला वेगळी किंमत नाही. खऱ्या दुहेरी ठशात अक्षराची दुसरी रेघही पहिलीसारखीच गोल, भरीव असते आणि टोकाला फाटा फुटलेला दिसतो.

प्रश्न (डोंबिवली): सुरुवातीला काय काय विकत घ्यावं? आणि तुम्हाला फोटो कसे पाठवायचे?

दहापट मोठं दाखवणारं भिंग, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा वजनकाटा आणि व्यास मोजायला एक व्हर्नियर, एवढं पुरे. लोहचुंबक पण ठेवा. एक रुपयाचं स्टीलचं नाणं चिकटतं, त्याआधीचं १९८० च्या दशकातलं तांबं-निकेलचं चिकटत नाही, त्यामुळे चुकीच्या धातूवर छापल्याचा संशय असेल तर पहिली तपासणी तीच. शिवाय चांगली, साधी, चूक नसलेली नाणी भरपूर बघा, मुंबईत फोर्टला रिझर्व्ह बँकेचं मॉनेटरी म्युझियम आहे, नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संस्था आणि तिचं संग्रहालय आहे, दोन्ही ठिकाणी अर्धा दिवस हातात ठेवून जा.

फोटो तीन पाठवा, छापा, काटा आणि कडेचा. कडेचा कुणीच पाठवत नाही आणि निम्मी उत्तरं तिथेच असतात. खिडकीच्या उजेडात काढा, फ्लॅश नको, उजेड एका बाजूने तिरका आला पाहिजे म्हणजे उठाव कुठला आणि खड्डा कुठला ते कळतं. वजन आणि व्यास लिहा. नाणं पोस्टाने पाठवू नका, आणि फोटो काढायच्या आधी पुसूही नका.